टाच, कुरूप आणि पायांचा डॉक्टर: जावं की नाही?

पायपीट

मंडळी, जरा सल्ला हवाय. माझं काम दिवसभर उभं राहण्याचं. गेले काही महिने उजव्या टाचेने वैताग आणलाय. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की अशी कळ येते की भिंत धरावी लागते. चार पावलं टाकली की जरा सैल होतं, आणि दुपारी बसून उठलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. तेव्हापासून घरातले सगळे 'आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही' याच सुरात बोलतात.

दुसरं दुखणं डाव्या करंगळीवरचं कुरूप. कॉर्न कॅप लावली की पांढरं पडून निघतं आणि थोड्या दिवसांत परत हजर.

ओळखीतल्या एकीने पोडियाट्रिस्टकडे, म्हणजे पायांच्या डॉक्टरकडे, जा म्हटलं. हे लोक नेमकं काय करतात? हाडांच्या डॉक्टरांना वगळून थेट यांच्याकडे गेलं तर चालतं का? जाताना काय न्यावं? घरगुती उपायही सांगा, फक्त 'मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवा' हे सोडून. ते पुष्कळ झालंय.

निवांतपणे

पायपीट ताई, पहिल्या पावलाला कळ, मग सैल, बसून उठल्यावर परत कळ. प्लांटर फॅशियायटिसची ही ठरलेली लक्षणं. तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो टाचेला जिथे चिकटतो तिथे दुखतं. टाचेखाली, आतल्या बाजूला किंचित पुढे अंगठ्याने दाबून बघा. नेमका तिथेच जीव जात असेल तर बहुतेक तेच.

हाड वाढल्याचं टेन्शन घेऊ नका. ज्यांची टाच जन्मात कधी दुखली नाही अशा कित्येकांच्या एक्स-रेतही ते टोक दिसतं. माझ्या पायात ते अजून आहे, दुखणं मात्र केव्हाच गेलं.

मला लागू पडलेला व्यायाम: पलंगावरून उतरायच्या आधीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकायचा आणि बोटं हाताने नडगीकडे ओढायची. दुसऱ्या हाताने तळवा चाचपला की तो पट्टा ताणलेल्या दोरीसारखा लागतो. दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. त्यानंतरच पाय जमिनीवर टेकवायचा.

शंकासुर

सगळं ठीक, पण या पायांच्या डॉक्टरांपासून खिसा सांभाळा. चवडा दुखतो म्हणून मी एका ठिकाणी गेलो होतो. एका पाटावर उभं केलं, पडद्यावर लाल-पिवळा-निळा नकाशा उमटला, 'तुमची कमान खचलीय' असं ऐकवलं आणि मापाचे इनसोल माथी मारले. बूट बघितले नाहीत, चालून दाखवा म्हटलं नाही, पायाला हातसुद्धा लावला नाही. ते इनसोल घातले की बूट इतका घट्ट होतो की दुखणं दुप्पट. सध्या ते कपाटात आराम करताहेत. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

टिकोजी

शंकासुरांना +१. पायाला वेगळा डॉक्टर, उद्या करंगळीला वेगळा निघेल.

पदवैद्य

मी याच व्यवसायातला, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

टिकोजी, एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. दोन्ही पावलं मिळून ५२ हाडं, म्हणजे अंगातल्या २०६ पैकी जवळजवळ चौथा हिस्सा. करंगळीला वेगळा माणूस लागणार नाही, पण एकाला पुरून उरेल एवढं काम आहे :)

कोणाकडे जावं, हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत पोडियाट्रीचं चार वर्षांचं स्वतंत्र वैद्यकीय शिक्षण आणि त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण, असते, ते लोक शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये पदवी आणि कायद्याने नोंदणी लागते, नोंदणीशिवाय ही उपाधी लावता येत नाही. पुष्कळ देशांत मात्र या व्यवसायाला असं कायद्याचं कुंपण नाही, तिथे इनसोल विकणाराही पाटी लावून बसू शकतो. म्हणून शिक्षण काय, कुठे झालं, हे आधी बिनदिक्कत विचारावं. जवळपास कोणी सापडलं नाही तरी अडत नाही. टाच, घोटा, चवडा यांच्या दुखण्याला पावलांचं काम करणारे ऑर्थोपेडिक, नखं आणि कातडीला त्वचारोगतज्ज्ञ, मधुमेह असेल तर डायबेटिक फूट क्लिनिक.

शंकासुर, तुमची तक्रार रास्त आहे. दाबाचा नकाशा पाय कुठे टेकतोय ते दाखवतो, का दुखतंय ते सांगत नाही. हाताने न चाचपता आणि बूट न बघता दिलेला इनसोल म्हणजे अंदाजपंचे. शिवाय टाचदुखीपुरतं बोलायचं तर तयार मिळणारे आणि मापाने बनवलेले इनसोल यांच्यात फारसा फरक अभ्यासांतून दिसत नाही. मी आधी तयार इनसोलच सुचवतो. मापाचे लागतात ते पायाचा आकार फार वेगळा असेल, संधिवाताने बोटं वाकली असतील किंवा मधुमेहात विशिष्ट जागेवरचा भार हलवायचा असेल तेव्हा. बाकी एक विचारतो: तुमचं दुखणं तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे आहे का? बुटात खडा गेल्यासारखं वाटतं, बूट काढून चोळलं की बरं वाटतं?

पायपीट, टाचेबद्दल निवांतपणे यांनी सांगितलं ते बरोबर. त्यात एक भर घालतो. ताण देण्याबरोबर पट्ट्याला भारही द्यायला हवा. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं वर उचललेली राहतात. तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. एक दिवसाआड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमेल तसं एकावर. २०१४ साली डेन्मार्कमधला याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा हा व्यायाम करणारे तीन महिन्यांनी बरेच पुढे होते. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच. थोडक्यात, बऱ्याच जणांचं दुखणं शस्त्रक्रियेशिवाय जातंच, प्रश्न लवकर जातं की उशिरा एवढाच. अर्थात यात महिने जातात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडणारेच जास्त भेटतात.

इंजेक्शनाबद्दल कोणीतरी विचारणारच म्हणून: स्टेरॉइडने काही आठवडे आराम पडतो, पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरळ होण्याचा धोका असतो. गादी एकदा विरळ झाली की परत भरून येत नाही. म्हणून ते पहिल्या भेटीत नको.

आणि कुरूप. त्याला मूळ असतं, ते खणून काढलं की गेलं, ही समजूत खोटी. हाड एका बाजूने आणि बूट दुसऱ्या बाजूने दाबत राहिले की मधली कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, आणि दाब एका बिंदूवर असला की तिची आत शिरणारी कठीण खुंटी तयार होते. खुंटी काढली आणि बूट तोच ठेवला तर ती परत येणारच. तुमच्या कॉर्न कॅपचा यात दोष नाही, ती तिचं काम चोख करतेय. तपासणीला जाताना रोज घालता ते जोडे घेऊन जा. नवेकोरे नेऊ नका, झिजलेलेच न्या.

शंकासुर

हो की! तिसऱ्या-चौथ्याच्या मधेच. आणि बूट काढून चोळतोच.

पदवैद्य

मग मॉर्टन्स न्यूरोमा असण्याची शक्यता आहे. बोटांकडे जाणारी नस दोन हाडांच्या मधे चिमटत राहून जाड होते. रुंद चवड्याचे बूट आणि चवड्याच्या जरा मागे बसणारी छोटी गादी, यांनी पुष्कळांचं भागतं. दाखवून नक्की करा. कपाटातल्या इनसोलने जागा आणखी आवळली, म्हणून दुखणं वाढलं असेल.

ओसरी

कुरुपावरून आठवलं. तळव्यावर, चवड्याखाली मला एक टणक ठिपका आला होता. दोन ठिकाणी कुरूप म्हणूनच सांगितलं आणि एका ठिकाणी ते तासूनही दिलं. तिसऱ्या ठिकाणी गेले तिथल्या बाईंनी आधी वरून दाबलं. फारसं दुखलं नाही. मग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबलं, तर मी खुर्चीतून उठलेच. त्या म्हणाल्या, "हे कुरूप नाही, चामखीळ आहे." मग भिंग हातात देऊन दाखवलं: तळव्यावरच्या बारीक रेघा ठिपक्यापाशी आल्या की थांबून कडेने वळत होत्या, आणि आत मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके होते. ते म्हणजे गोठलेल्या केशवाहिन्या. कुरूप असतं तर रेघा त्याच्यावरून गेलेल्या दिसल्या असत्या आणि वरून दाबल्यावर कळ आली असती.

चामखीळ विषाणूची, त्यामुळे पसरते. आधी जिथे ब्लेडने तासलं होतं, तिथे आजूबाजूला पिल्लं झालीच होती. रोज रात्री सॅलिसिलिक ॲसिड लावायचं, सकाळी पांढरी कातडी खरवडायची, असं चिकाटीने केल्यावर गेली. घरात कोणाला झाली तर टॉवेल, वजरी, कानस वेगळी ठेवा.

निवांतपणे

ओसरी, रेघांची युक्ती भारी आहे. लगेच सगळ्यांचे पाय उलटे करून बघितले.

वसुधा_क

सगळ्यांनी कॉर्न कॅपबद्दल इतक्या सहज लिहिलंय म्हणून मुद्दाम लॉग-इन केलं. माझ्या वडिलांना जुना मधुमेह आहे. त्यांनी कोणाला न विचारता तळव्यावरच्या घट्ट्याला कॉर्न कॅप लावली. त्यातल्या ॲसिडला घट्टा कुठे संपतो आणि चांगली कातडी कुठे सुरू होते ते कळत नाही. खाली जखम झाली, आणि त्यांना दुखलंच नाही, कारण पाय बधीर. आम्हाला कळलं ते मोज्यावरच्या डागावरून. जखम भरायला फार दिवस लागले आणि तोवर घरातलं चालणंफिरणं सगळं बंद.

त्या निमित्ताने पहिल्यांदा पायाची खरी तपासणी झाली. त्यांना डोळे मिटायला सांगितलं. एका काडीला नायलॉनचा जाड दोरा आडवा बसवलेला होता. तो अंगठ्याला, चवड्याला, तळव्याला असा जागोजागी टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा आणि बाबांनी 'हो' म्हणायचं. बाबा गप्पच. मी समोर बसून बघत होते, दोरा वाकत होता, आणि बाबा विचारत होते, "सुरू केलं का?"

पदवैद्य

वसुधा_क, बरं झालं लिहिलंत. हे धाग्याच्या वर डकवून ठेवायला हवं.

तो दोरा १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट. १० ग्रॅम दाब पडला की तो वाकतो, म्हणजे प्रत्येक जागी दाब सारखाच. तो कळत नसेल तर बुटातला खिळा, खडा, शिवणीची गाठ यांतलं काहीच कळणार नाही. त्याच्या जोडीला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर टेकवून कंप जाणवतो का बघतात, आणि पावलाच्या वरची व घोट्यामागची नाडी तपासतात. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. मधुमेह्याची ही तपासणी काहीही दुखत नसताना वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी. पाय बधीर असेल, रक्तपुरवठा कमी असेल किंवा पूर्वी जखम होऊन गेली असेल तर आणखी लवकर लवकर.

दुखत नाही म्हणजे पाय ठीक आहे, हे मधुमेहात उलटं वाचायचं. वेदना गेली की माणूस जखमेवरच चालत राहतो. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांबरोबर काम करताना हेच दाखवून दिलं होतं: बोटं रोगाने झडत नव्हती, बधीर हातापायांना झालेल्या आणि लक्षातच न आलेल्या दुखापतींनी नासत होती. मधुमेही पायाची आजची काळजी बरीचशी त्याच समजुतीवर उभी आहे.

अशा पायाला कॉर्न कॅप नको, ब्लेड नको, गरम पाण्याची पिशवी नको, पाय भिजत ठेवणं नको. पाणी कोपराने तपासायचं, पायाने नाही. घरातही अनवाणी नाही. जोडा घालण्याआधी हात आत घालून चाचपायचा. रात्री तळवा आरशात बघायचा, वाकता येत नसेल तर घरातल्या कोणीतरी बघायचा. क्रीम लावा, पण बोटांच्या बेचक्यांत नाही, तिथे ओल राहून चिखल्या होतात. आणि घट्टा वाढला की तो तज्ज्ञाकडूनच उतरवून घ्यायचा, कारण खाली जखम लपलेली असू शकते.

आणखी एक. मधुमेह्याचा पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्या पायापेक्षा हाताला स्पष्ट गरम लागतोय, पण दुखत विशेष नाही, असं झालं तर मुरगळला म्हणून मलम चोळत बसू नका. चारकोट फूट असू शकतो. आत हाडं ठिसूळ होऊन मोडत असतात आणि माणूस त्यावर चालत राहिला तर पावलाचा आकारच बदलतो. त्याच दिवशी दाखवायचं, आणि तोवर त्या पायावर भार द्यायचा नाही.

वसुधा_क

बाबांना गरम पाण्याचं वाचून दाखवलं. "कोपराला काय कळतंय," म्हणाले. असो. दोन्ही पायांचं रोजचं बघणं आता आईच्या हातात आहे, तिच्यापुढे काही चालत नाही.

चिमणीची आई

मुलांबद्दल विचारू का? लेक पाच वर्षांची आहे. पाय अगदी सपाट. ओला पाय फरशीवर टेकवला की सबंध तळव्याचा ठसा. शाळेत कोणीतरी 'आत्ताच इनसोल घाला, नाहीतर मोठेपणी गुडघे जातील' असं सांगितलंय. ती पळते, उड्या मारते, कुठे दुखतंय म्हणत नाही.

पदवैद्य

तिला चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. टाचा वर गेल्यावर तळव्याला कमान दिसते का? दिसत असेल, पाय मऊ वळत असेल आणि दुखत नसेल तर काहीही करू नका. लहान मुलांच्या तळव्यात चरबी असते आणि सांधे सैल असतात, कमान पुढे काही वर्षं घडत राहते. इनसोलने ती लवकर घडते असं दिसलेलं नाही. दाखवायचं केव्हा: चवड्यांवर उभं राहूनही पाय सपाटच आणि ताठ राहिला, दुखायला लागला, एकच पाय सपाट असला, किंवा मूल पळायला कुरकुरायला लागलं तर.

धावरा

माझी भर. लांब पल्ल्याचं पळणाऱ्यांची नखं काळी पडतात, त्याला आम्ही पदक म्हणतो. खरं कारण बूट आखूड असणं. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि पुष्कळांचं लांब बोट अंगठा नसून शेजारचं असतं. बूट संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. दोन्ही पाय मोजायचे, मोठ्याचं माप घ्यायचं. शिवाय बुटाच्या सगळ्यात वरच्या भोकांतून नाडीचा फास करून बांधली की टाच मागे धरली जाते आणि पाय पुढे घसरत नाही. माझी नखं त्यानेच वाचली.

पदवैद्य

उत्तम. एक सावधगिरी जोडतो. मार लागून झालेला काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि शेवटी कापला जातो. न सरकणारी, रुंद होत जाणारी काळी-तपकिरी पट्टी, किंवा नखामागच्या कातडीवरही उतरलेला रंग, हे मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग आधी फुटबॉलची दुखापत वाटला होता. १९७७ मध्ये तो मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, निघाला, आणि १९८१ मध्ये ते गेले. घाबरवायचं नाही, अशी प्रकरणं विरळाच. पण पदक समजून वर्ष काढू नका.

ओसरी

अंगठ्याचं हाड बाहेर आलंय त्यासाठी रात्री बांधायच्या पट्ट्यांची जाहिरात सारखी दिसते. उपयोग होतो का?

पदवैद्य

बांधलेलं असेपर्यंत बोट सरळ दिसतं, सोडलं की जागेवर. चवड्याला रुंद बूट घ्या. चालताना रोजच दुखत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार, नुसतं दिसायला वाईट म्हणून नाही.

पायपीट

मंडळी, जाऊन आले! सगळ्यांचे आभार. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी लिहिते.

आधी भरपूर प्रश्न: कुठे, केव्हा, किती वेळ उभी असते, फरशी कसली, मधुमेह, थायरॉइड, कोणती औषधं चालू. मग चालायला लावलं, आधी जोड्यांसकट, मग अनवाणी, ते मागून आणि पुढून बघत होते. एका पायावर टाच उचलायला लावली. उजव्याने चारदा उचलल्यावर पोटरी थरथरायला लागली, डाव्याने सहज जमत होतं. मग घोटा वर वळवून बघितला. उजवी पोटरी आखडलीय म्हणाले, आणि टाचेवरचा भार त्यामुळेही वाढतो. एक्स-रे मी आपणहून पुढे केला, तो बघून बाजूला ठेवला.

सगळ्यात लक्षात राहिलं ते जोड्यांचं. डाव्या बुटातलं आतलं तळ काढून जमिनीवर ठेवलं आणि मला त्यावर पाय ठेवून उभं राहायला सांगितलं. माझी करंगळी आणि पावलाची कड त्या तळाच्या बाहेर लोंबत होती, चांगली बोटभर. ते काही बोललेच नाहीत, नुसतं बोट दाखवलं. मापाचा नंबर बरोबर होता, रुंदी कमी होती. हे घरी कोणालाही करता येईल, सगळ्यांनी आज करून बघा.

कुरूप तासताना मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. काहीच झालं नाही! पातं कातडीला जवळजवळ आडवं धरून पातळ पातळ पापुद्रे काढत गेले, पांढरे, मेणचट. मधे एक पिवळसर, पारदर्शक टणक ठिपका दिसायला लागला, तो टोकाने अलगद उचलून काढला. रक्त नाही. मृत कातडीला दुखत नाही, दुखायला लागलं की आम्हीच थांबतो, म्हणाले. खाली इवलासा खळगा राहिला.

टाचेला चिकटपट्ट्या लावून दिल्या, त्याने चालताना लगेच फरक पडला, पण हा तात्पुरता टेकू आहे असंही सांगितलं. पदवैद्य यांनी लिहिलेला टॉवेलचा व्यायामच दिला. इंजेक्शन नाही, ऑपरेशनचं नावही नाही. मापाचे इनसोल हवेत का असं मीच विचारलं, तर आधी बूट बदला, मग बघू.

घरच्यांना हाड वाढल्याचं पटवणं अजून बाकी आहे.

शंकासुर

हे ऐकून बरं वाटलं. मीही तळ काढून बघितला. इनसोल घातल्यावर माझी तर दोन बोटं बाहेर! आता रुंद बूट शोधतोय. नवं दुखणं म्हणजे रुंद बूट बघायला जावं तर सगळीकडे टोकदारच मांडलेले.

धावरा

शंकासुर, कागदावर उभं राहून पायाची रेघ काढा, कापून घ्या आणि तो कागद घेऊन जा. बुटाच्या तळाशी धरून बघायचं. विक्रेते विचित्र नजरेने बघतात, बघू देत.

टिकोजी

मी वर थट्टा केली होती, आता आम्हीच रांगेत. अंगठ्याचं नख जाड, पिवळं आणि भुसभुशीत झालंय. कातरीला दाद देत नाही. बुरशी म्हणून एकाने गोळ्या घ्यायला सांगितल्यात. घेऊ का?

पदवैद्य

टिकोजी, या, रांगेत जागा आहे :)

आधी नखाचा नमुना तपासायला द्या. जाड पिवळं नख म्हणजे बुरशीच असं नाही. वर्षानुवर्षं बुटाचा मार बसला, सोरायसिस असला, तरी नख तसंच दिसतं, आणि त्यावर बुरशीच्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. बुरशी निघाली तर पायाच्या नखासाठी टर्बिनाफिनच्या गोळ्या साधारण बारा आठवडे देतात. आधी यकृताची रक्ततपासणी बघून आणि तुमची बाकीची औषधं विचारून. गोळ्या संपल्या तरी नख लगेच सुधारलेलं दिसणार नाही. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, सबंध नवं यायला वर्ष-दीड वर्ष.

तोवर आंघोळीनंतर नख मऊ असताना वरून कानशीने घासून पातळ करा, मग कापा. सरळ कापा, कोपरे खोल गोल काढू नका. कोपऱ्यात राहिलेली टोकेरी कपची मांसात रुतली की नखुरडं होतं, आणि ते सारखं होत राहिलं तर बोट बधीर करून नखाची कड काढावी लागते आणि ती परत उगवू नये म्हणून मुळाशी फिनॉल हे रसायन लावावं लागतं. छोटंसं काम आहे, पण टाळता आलं तर बरं.

टिकोजी

नमुना द्यायचं ठरवलं. तोवर बुरशीचं मलम आणून ठेवलंय ते लावू का?

पदवैद्य

आत्ता नको. मलम लावलेल्या नखाच्या नमुन्यात बुरशी असूनही सापडत नाही बऱ्याचदा. आणि नमुना नखाच्या टोकाचा नुसता कापून देऊ नका. जिथे खराब नख संपून चांगलं सुरू होतं तिथपर्यंतचा, खालच्या भुशासकट घ्यायला सांगा. अहवाल आला की इथेच लिहा.